खंडेनवमीला नेलेलं इंजिन

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. मी माझ्या घराच्या सोप्यात, माझ्या हातांनी जुळवलेलं मोटारसायकलचं इंजिन त्याने आपलं म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं, आणि त्याच्या बदल्यात जे काम मला मिळायचं ठरलं होतं ते स्वतः घेतलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. आमच्या पै-पाहुण्यांत ही गोष्ट निघाली की लोक आधी चहा सांगतात, मग हसतात, आणि शेवटी ‘जाऊ द्या, घरातलंच हाय की’ म्हणून धोतर झटकून उठतात. मला जाऊ द्यायचं नाही.

मी भंगाराचा व्यापारी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतींच्या मागे एका बोळात माझं दुकान होतं. एका अंगाला रिकामी पोती, दुसऱ्या अंगाला जुनं लोखंड. वडील त्याच पेठेत हमाल होते. गुळाचा सौदा तेव्हा टॉवेलाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार टॉवेलाच्या आत एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे आणि बाहेर कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. बोटं झाकलेली असली तरी माणसाचा खांदा उघडा असतो. भाव वर गेला की खरेदीदाराचा खांदा आखडतो. ती शाळा मी केली. चौथीनंतर दुसरी केली नाही.

लढाई संपली तेव्हा लष्कराचा मोडका माल लिलावात निघाला. त्या मालावर मी उभा राहिलो. इंजिनं आणायची, फोडायची, पितळ वेगळं, तांबं वेगळं, बिडाचं वेगळं करून विकायचं. इंजिन कसं असतं हे मला कुणी शिकवलं नाही. जो रोज बोकड सोलतो त्याला काळीज कुठल्या बाजूला असतं हे विचारावं लागत नाही, तसं माझं झालं.

मेहुण्याचं लेथचं वर्कशॉप होतं. दारावर रंगवलेली पाटी, आत पट्ट्यावर फिरणारी यंत्रं, हाताखाली माणसं. मला त्याने कधी ‘दाजी’शिवाय हाक मारली नाही, पण त्या ‘दाजी’त मान किती आणि मस्करी किती हे ऐकणाऱ्याला बरोबर समजायचं. एकदा त्यांच्याकडे बारशाचं जेवण होतं. पंगत भरलेली. कुणीतरी मला गिऱ्हाइकाच्या पंपाबद्दल काही विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत मेहुणा वाढता वाढता म्हणाला, “दाजींना कशाला इचारताय? दाजी लोखंड तागडीनं वळखत्यात. कामाचं काय असंल ते आमास्नी इचारा.”

पंगत हसली. माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला, कारण ताटावरून उठलो असतो तर बायकोचं माहेर तुटलं असतं. पण तो घास माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. कसबा बावड्याच्या अंगाला नदीकाठी एका इनामदाराची ऊसशेती होती. त्याच्या गुऱ्हाळाची रस आटवायची फुटकी काहील विकायची आहे असं कळलं म्हणून मी गेलो. वैशाखाचं ऊन होतं. काहील पाहिली, ठोकून पाहिली, नाक मुरडलं. तेवढ्यात गाड्याच्या सपरात मला मोटारसायकलचा सांगाडा दिसला. जुनी विलायती गाडी, बाजूला साईडकार. साईडकारमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती. इंजिन जागेवर नव्हतं. इनामदाराने कोपऱ्यातली दोन पोती दाखवली. त्याच्या वडिलांच्या वेळची गाडी. लढाईच्या दिवसांत कुणा मिस्त्रीने इंजिन खोललं, सामान मिळेना म्हणून पोत्यात भरलं आणि तो निघून गेला.

“वजनावर घिऊन जा,” इनामदार म्हणाला.

मी पोत्याला हात घातला तोच आतून आवाज आला, “त्याला हात लावायचा न्हाई.” इनामदाराच्या आई. त्या कोडोलीच्या माहेरवाशीण. नवरा त्यांना त्याच साईडकारमध्ये बसवून माहेरी न्यायचा, असं इनामदाराने मला हळू आवाजात सांगितलं आणि वैतागून म्हणाला, “आईसाहेबांपुढं आमचं चालत न्हाई. हे बोलतं करून देतोस काय, सांग.”

“मी भंगारवाला हाय, सरकार. बोलतं करणाऱ्याचा भाव येगळा.”

“काय पायजे?”

मी नदीकडे पाहिलं. काठावर उसाला पाणी पाजणारी त्याची ऑईल इंजिनं होती. पावसाळ्यात पंचगंगा फुगायच्या आधी ती वर ओढून घ्यायची आणि दसऱ्याला पाणी उतरलं की पुन्हा खाली बसवायची. बसवणं, चालती ठेवणं, मोडली तर दुरुस्त करणं, हे बारमाही काम होतं. इनामदाराची इंजिनं ज्याच्या हाती, त्याच्याच हाती काठावरचे बाकीचे बागाईतदार आपली देणार, हे उघड होतं. ते काम मिळालं असतं तर मी भंगारवाला राहिलो नसतो. मला तेवढंच हवं होतं.

“नदीवरची इंजिनं,” मी म्हणालो.

“त्याला माणूस हाय.”

“हाय की. इंजिनापेक्षा त्योच जास्त पितोय असं ऐकलं.”

इनामदार हसला. खांदा आखडला नाही, उलट सैल पडला. म्हणजे माणूस काढून टाकायचं त्याच्या मनात आधीच होतं. तो म्हणाला, “दसऱ्याला हे इंजिन बोलतं करून जो माझ्या दारात आणंल, त्याला नदीचं काम. बोललो.” मी विचारलं, जो म्हणजे कोण? तो म्हणाला, “अरं, तूच की. तुझ्याबिगर कोण येतंय ह्यात मरायला?” त्याने हातावर हात मारला. इनामदाराचा शब्द, आईसाहेब दारात उभ्या. मी पोती उचलली.

सांगाड्याचं तोंडाजवळचं नळकांडं तडकलं होतं. ते डाग देऊन जोडावं लागणार होतं आणि ते काम घरी होण्यासारखं नव्हतं. बायको म्हणाली, “दादाकडं द्या की. परक्याच्या दारात कशाला?” मी मेहुण्याला पितळ बाजारापेक्षा कमी भावाने दिलं आणि त्याने सांगाडा आणि चाकं नीट करून द्यायची असं ठरलं. सांगाडा त्याच्याकडे गेला, इंजिन माझ्याकडे. दसऱ्याच्या आधी दोन्ही एकत्र करायचं. गाडी कुणाची, काम कशासाठी, शब्द काय झालाय, हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “दाजी, पोत्यातनं इंजिन निघत न्हाई. पोत्यातनं बटाटं निघत्यात.”

आमच्या सोप्यात एका बाजूला म्हैस बांधलेली असायची. तिच्या समोरच्या बाजूला मी गोणपाट अंथरलं आणि दोन्ही पोती उपडी केली. बायकोने पदर नाकाला लावला. त्या ढिगात काय नव्हतं? दोन जड चाकं, दांडा, पिस्टन, रिंगा, दात असलेली चक्रं, बोल्ट, नळ्या, आणि त्या मिस्त्रीने आपल्या अकलेने मिसळलेले दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचे तुकडे. सगळं काळ्या चिकट्याने माखलेलं.

माझ्याजवळ पुस्तक नव्हतं, नकाशा नव्हता. माझ्याजवळ भंगारवाल्याची नजर होती. लोखंडाचे दोन तुकडे वर्षानुवर्षं एकमेकांना लागून राहिले की एकमेकांवर खूण सोडतात. बोल्टाच्या डोक्याखाली गंज चढत नाही, तिथे वॉशरचा गोल उमटतो. तो गोल ज्या भोकाभोवती असेल ते त्या बोल्टाचं घर. चक्राचे दात जिथे झिजले असतील तिथे त्याच मापाने झिजलेलं दुसरं चक्र शोधायचं. घासलेटात एकेक तुकडा धुवायचा, अंगठ्याने चोळायचा आणि त्याचा जोडीदार सापडेपर्यंत बाजूला ठेवायचा. ज्यांच्यावर कुणाचीच खूण जुळेना ते तुकडे मी पावशेराने विकून टाकले. मेहुण्याला हे जमलं नसतं. त्याच्याकडे माप घ्यायची हत्यारं होती, पण मापाला काही लिहिलेलं लागतं.

आमची म्हैस दूधवाली होती. गल्लीतली माणसं सकाळी तांब्या घेऊन दारात यायची आणि बायको त्यांच्यादेखत धार काढून द्यायची. त्यांना आता सोप्यात इंजिन दिसू लागलं. एक म्हातारा तांब्या हुंगून म्हणाला, “वैनी, म्हस घासलेट पिती काय?” दुसऱ्याने विचारलं, “पावणं, हे यातंय कवा?” व्यायला झालेल्या गाईबद्दल विचारावं तसं. मी त्याला म्हणालो, “तुझ्या घरातनं दाई धाड, मग सांगतो.” तो माणूस पुन्हा दुधाला आला नाही. बायकोने त्याचा हिशेब माझ्या डोक्यावर मांडला.

“आवं, एक तर हे तरी ठेवा न्हाईतर म्हस तरी ठेवा.”

“म्हस दसऱ्यापतूर दूध देती. हे जलमभर देणार हाय.”

“तवर मी काय गोणपाट खाऊ?”

ती अशी बोलायची, पण जड चाकं जोडताना धरायला तीच यायची. दोन जड चाकांच्या मधे दांडा बसवून ती अगदी सरळ फिरली पाहिजेत. जराशी जरी झोकांडी गेली तरी इंजिन स्वतःला खाऊन टाकतं. मी जोड दोन खिळ्यांच्या टोकांवर टांगला, ती हाताने फिरवायची आणि मी कडेजवळ खडू धरायचा. जी बाजू बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते. तिथे तांब्याच्या हातोडीने एक ठोका. पुन्हा फिरव, पुन्हा खडू. पावसाची झड लागली होती, बाहेर पडायला येत नव्हतं. आम्ही नवरा-बायको दिवसचे दिवस तेच करत होतो. शेवटी खडूची रेघ तुटली नाही, सबंध गोल उमटला. बायको म्हणाली, “झालं काय?” मी म्हणालो, झालं. ती हात धुवायला गेली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या इंजिनाच्या पोटात काय आहे हे तिने पाहिलं होतं.

मुख्य दांड्याचा पितळी बुश पार गेला होता. तो लेथवर नवा करून घ्यावा लागणार होता. मी जुना बुश घेऊन मेहुण्याच्या वर्कशॉपात गेलो. त्याने मला गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसवलं. आत त्याची माणसं रिकामी बसून पान खात होती. बराच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, “दाजी, आता रंगपंचमीला या. लै काम हाय.” श्रावण चालू होता. मी बुश खिशात घातला आणि गंगावेशीत एका दुसऱ्या लेथवाल्याकडून, मजुरीवर हुज्जत घालून, करून घेतला. त्या इंजिनात मेहुण्याच्या वर्कशॉपचा पितळेचा किसही नव्हता. हे ज्याला तपासायचं असेल त्याने तपासावं.

इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे, म्हणजे केसचे, दोन भाग जोडताना मधे घालायला कागदाचं पॅकिंग लागतं. सिनेमाच्या जाहिरातीचा जाड कागद मी भिंतीवरून ओला असतानाच सोलून आणला, वाळवला, कापला आणि तेलात भिजवून बसवला. झडपा पूड लावून घासल्या. मॅग्नेटोची ठिणगी बरोबर वेळेला पडावी म्हणून त्याच्या दोन टिकल्यांमधे सिगरेटचा पातळ कागद धरला. टिकल्या उघडल्या की कागद सुटतो, तीच वेळ. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा की ती वेळ मी लावली होती.

मग बाभळीचा एक ओंडका सोप्याच्या बाहेर जमिनीत अर्धा पुरला आणि इंजिन त्याच्यावर बोल्टाने आवळलं. पेट्रोल तेव्हा सरळ मिळत नसे. एका ट्रकवाल्याकडून मिळवलं. इंजिनाच्या बाजूला पट्ट्याची पुली होती, तिच्यावर बैलाचा कासरा गुंडाळला आणि ओढला. काही नाही. पुन्हा गुंडाळला, पुन्हा ओढला. इंजिनाने कासरा असा उलटा खेचला की मी तोंडावर पडलो. गल्ली जमली होती. कुणीतरी म्हणालं, “बैल मारका हाय, पावणं.” मी उठलो, सिगरेटचा कागद पुन्हा घातला, वेळ केसभर मागे घेतली आणि कासरा ओढला.

ते बोललं. असं बोललं की म्हशीने खुंटा उपटला आणि ती थेट रस्त्याला लागली. निम्मी गल्ली म्हशीमागे आणि निम्मी इंजिनाजवळ. मी तिथेच उभा होतो. हसलो नाही, काही नाही. फक्त ऐकत होतो. नवरात्र नुकतंच बसलं होतं.

बायकोने त्याच दिवशी भावाला निरोप धाडला. आनंदानेच धाडला असेल. 

आता मला सांगाडा हवा होता. मेहुण्याने सांगितलं, रंग ओला आहे. पुन्हा गेलो, चाकाच्या तारा बसायच्या आहेत. अष्टमीला गेलो तर म्हणाला, “आता नवमी झाल्यावरच.” खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस त्या दिवशी पाने, हातोड्या, तराजू धुऊन मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्या हत्याराला हात लावत नाहीत. कोल्हापुरात त्या दिवशी एकही लेथ फिरत नाही. मी ह्या बाबतीत कडक होतो. गिऱ्हाईक दारात रडत बसलं तरी मी नवमीला तराजू उचलला नाही.

नवमीला सकाळी मेहुणा हातगाडी घेऊन माझ्या दारात आला. बरोबर सासूबाई. हातात नारळ, हार. मी नुकती अंघोळ करून पाने मांडत होतो.

“दाजी,” तो म्हणाला, “धड माझ्याकडं आन् काळीज तुमच्याकडं. पूजा कशाची करायची? एका जाग्याला ठेवू, दोनीची मिळून पूजा करू. उद्या सोनं लुटून आलासा की तुमच्या हातानं बसवा. मी पान्याला शिवत न्हाई.”

“इंजिन हितंच राहू द्या. सांगाडा हिकडं आणा.”

“साईडकार ह्या बोळातनं येतीया व्हय?”

ते खरं होतं. साईडकार आमच्या बोळातून येण्यासारखी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, देवाच्या कामात मोडता घालू नका.” बायको माझ्याकडे पाहत होती. बाजारात ह्याच माणसाने ह्याच आवाजात काही मागितलं असतं तर मी त्याचा खांदा पाहिला असता. पण तो हातात नारळ धरून उभा होता, आणि नारळ धरलेल्या माणसाचा खांदा मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. अजून पूजा व्हायची होती, म्हणजे इंजिन हलवायला हरकत नव्हती. आम्ही ते ओंडक्यावरून सोडवलं, हातगाडीवर घातलं, आणि मी स्वतः गाडीला हात लावून त्याच्या वर्कशॉपपर्यंत गेलो.

तिथे सांगाडा तयार होता. रंग कोरडा खडखडीत. तारा कधीच बसलेल्या. मी ते पाहिलं. सणाचा दिवस होता, बोललो नाही. इंजिन सांगाड्याशेजारी पाटावर ठेवलं. दोन्हीला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मेहुण्याने सगळे पाने ओळीने मांडून त्यांच्यावर हळद टाकली आणि हात जोडले. मी पाहिलं, तो डोळे मिटून हात जोडत होता. मग आम्ही त्याच्या घरी पुरणपोळी जेवलो.

दसऱ्याला सकाळी मी आपट्याची पानं घेऊन वर्कशॉपात गेलो. सांगाडा नाही, इंजिन नाही, साईडकार नाही. पाटावर कुंकवाचा गोल आणि चुरगळलेला हार. एक पाना कुंकवासकट तेलात पडलेला. तिथल्या माणसाला विचारलं. तो वर बघेना. शेवटी म्हणाला, “मालकांनी काल दुपारीच बसवलं.”

म्हणजे नवमीलाच. पूजेच्या हळदीसकट.

मी सायकल घेऊन बावड्याला गेलो. दुरूनच आवाज ऐकू आला. तो आवाज मी हजारांत ओळखला असता. इनामदाराच्या अंगणात गाडी उभी होती, चालू. आईसाहेब साईडकारमध्ये बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर हाताने धरून. मेहुणा गाडीवर, फेटा बांधलेला. भोवती गडीमाणसं.

इनामदार मला म्हणाला, “आलास? उशीर केलास. पावण्यांनी बघ, इंजिन कसं बोलतं केलंय.”

“इंजिन मी बांधलंय, सरकार.”

मेहुण्याने इंजिन बंद केलं नाही. त्या आवाजावर ओरडून बोलला, “दाजींनी भाग धुऊन दिलं. त्यांचे उपकार हायेत. बाकी बांधणी आमच्या वर्कशॉपात झाली.”

मी काय बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. त्याच्या फेट्याला हात घातला हे खरं आहे. गड्यांनी मला धरलं. इनामदार म्हणाला, “सणाच्या दिशी दारात दंगा नगं. मी म्हणालो हुतो, जो बोलतं करून दारात आणंल त्याला काम. ह्यांनी आणलं. तुझ्याकडं लेथ तरी हाय काय? इंजिन तू बांधलंस म्हणून सांगणारं कोण हाय?”

गल्लीतल्या दुधाच्या गिऱ्हाइकांचा शब्द इनामदाराच्या अंगणात चालला नसता; चालेल असं सांगणारं एकच माणूस होतं, मेहुण्याची सख्खी बहीण. मी घरी आलो. बायको भावाकडे सोनं द्यायला निघाली होती. तिला म्हणालो, आधी माझ्याबरोबर बावड्याला चल आणि आईसाहेबांना सांग की खडू धरला तेव्हा चाक कोण फिरवत होतं.

ती उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, “तुमी बांधलं हे मला ठावं हाय. पर दादाच्या तोंडावर मी हे बोलणार न्हाई. मला दोन घरांच्या मधी उभं करू नगा.”

“मग तुला ठावं असून मला काय उपयोग?”

तिने आपट्याची पानं पदरात घेतली आणि गेली. आम्ही त्यानंतर संसार केला, मुलं झाली, सगळं झालं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र झालं नाही.

नदीचं काम मेहुण्याला मिळालं. मी वर लिहिलं तसंच झालं. इनामदाराच्या मागोमाग काठावरच्या सगळ्यांनी त्याला इंजिनं दिली. त्याने दुसरी शेड बांधली. लग्नाकार्यात तो ती मोटारसायकलची गोष्ट सांगू लागला. सांगता सांगता त्याच्या गोष्टीत खडूही आला, सिगरेटचा कागदही आला. हे त्याला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. मी त्या घरचं पाणी सोडलं.

आता शेवटचं सांगतो, कारण हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात इनामदाराचा दिवाणजी माझ्या दुकानात आला. पोत्यांची चौकशी केली, भाव विचारला, मला समजलं हा पोत्यांसाठी आलेला नाही. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, “गाडी बंद पडलीया. पावण्यांनी मॅग्नेटो सोडून पुन्यांदा बसवला, तवापासनं बोलत न्हाई. त्यांनी लै हात मारलं. आईसाहेबांस्नी कोडोलीला जायचं हाय. सरकार म्हणालं, गुपचूप ये आन् करून जा.”

“सरकारनी माझंच नाव सांगितलं?”

“व्हय. म्हणालं, त्येलाच ठावं.”

मी म्हणालो, येतो. आजच येतो. मजुरी नको. फक्त सरकारांनी अंगणात चार माणसांसमोर एवढंच म्हणायचं की हे इंजिन ह्याने बांधलंय. दिवाणजी परत गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि मजुरी बोलू लागला. मी माझी अट सांगितली. तो पुन्हा गेला. पुन्हा आला नाही.

ती गाडी पुढे कधी बोलली नाही, असं मी ऐकतो. आईसाहेब वारल्या, तोवर त्या बैलगाडीतूनच माहेरी जाऊन येत होत्या.

मेहुण्याला मी काही विचारत नाही. चोराला चोरी का केलीस म्हणून विचारण्यात राम नाही, त्याला हवं होतं आणि त्याने उचललं. विचारायचं आहे ते इनामदारांना. तुम्ही अजून आहात, त्याच घरात आहात, आणि हे तुमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी करणार आहे. सरकार, दसऱ्याला अंगणात तुम्ही मला विचारलंत की इंजिन तू बांधलंस म्हणून सांगणारं कोण आहे. मग उन्हाळ्यात दिवाणजीला माझ्या दुकानात कुणी धाडलं? त्येलाच ठावं, असं तुम्ही म्हणालात. ठाऊक होतं तर दसऱ्याला गप्प का बसलात? शब्द तुम्ही मला दिला होता, हे कळूनसुद्धा तुम्ही नदीचं काम त्याच्याकडे राहू दिलंत. का राहू दिलंत, ते मला सांगा. निरोप्या धाडू नका. माझ्या दारात या, नाहीतर मला तुमच्या दारात बोलवा, पण चार माणसांसमोर उत्तर द्या.